रोजची गाडी

पहिल्याच भेटीत त्या माणसानं मला माझं वजन विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार. दौंडच्या कॉलेजातला माझा पहिला दिवस, शिरूरच्या एसटी स्टँडसमोर कडक इस्त्रीची साडी सांभाळत मी उभी, आणि समोर थांबलेल्या गाडीची काच खाली करून हे गृहस्थ विचारतात, "मॅडम, वजन किती?"

माझा असा संताप झाला की वाटलं, खड्ड्यात गेली ही गाडी, एसटीनंच जावं. पण मागच्या सीटवरून ग्रंथपाल बाईंनी डोकं बाहेर काढलं आणि सांगून टाका म्हणाल्या, ते सगळ्यांनाच विचारतात. मी दातओठ खात आकडा सांगितला. आता भर रस्त्यात उभं राहून कुठली बाई खरा आकडा सांगेल? त्यांनी आडत्यानं पोत्याकडं बघावं तसं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जरा वाढवून धरतो. डाव्या अंगाला बसा, मागं."

हे आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. सगळं कॉलेज त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. मीही इथं तेवढंच म्हणणार आहे, कारण नाव घेतलं तर हा माणूस फोन करून नावाची वेलांटी चुकली म्हणून सांगेल. शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला, वरवंड, पाटस करत दौंडला रोज त्यांची गाडी जायची. मागं डावीकडं मी, उजवीकडं ग्रंथपाल बाई, आणि न्हावऱ्याच्या फाट्यावर पुढच्या सीटवर चढायचे ते इतिहासाचे सर. सर निमोण्याहून मोटारसायकलवर फाट्यापर्यंत यायचे. जागा ठरलेल्या. बदलायची सोय नाही. एकदा मी ऊन लागतं म्हणून उजवीकडं बसले, तर ते किल्ली हातात धरून गाडीबाहेर उभेच. मी परत डावीकडं सरकले तेव्हा कुठं आत बसले.

गाडी बाहेरून पाहिली तर कुणाही नोकरदाराची असावी अशी, छोटी, पांढरी, दारावर एक चरा असलेली. आत बसून पहिला गतिरोधक ओलांडला की कळायचं काय प्रकरण आहे ते. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा काढून त्यांनी आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवल्या होत्या. शॉकअप असे होते की प्रत्येकाला एक नॉब, उजवीकडं फिरवला की गाडी कडक, डावीकडं फिरवला की मऊ. भाऊसाहेबांचा हात कायम उजवीकडं. चाकंसुद्धा वरून जराशी आत कललेली. शिरूरचा अलाइनमेंटवाला दर वेळी विचारायचा, गाडी कुठं ठोकली होती का? हे त्याला रागानं बघायचे. घरच्या मंडळींनी तर त्या गाडीत बसणं कधीच सोडलं होतं. माहेरी जायचं झालं तर त्या माउली सरळ एसटीनं जात आणि हे मागून गाडी घेऊन जात.

आणि हे सगळं कशासाठी? तर वरवंडजवळच्या माळावर वर्षातनं एकदा गाड्यांची शर्यत भरायची, तिच्यासाठी. कुणी पुण्याकडची हौशी मंडळी ती भरवत. माळावर प्लास्टिकचे शंकू मांडून वेडावाकडा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, शंकू न पाडता कोण लवकर येतो ते घड्याळावर बघायचं. त्यात एक गट होता, रोजच्या वापराच्या गाड्यांचा. नियम असा की ज्या गाडीनं माणूस रोज कामाला जातो तीच आणायची, चारी सीटा जागेवर हव्यात, आणि ती आपल्या चाकांवर चालत आली पाहिजे. भाऊसाहेब त्या गटात उतरत. एका रविवारच्या काही मिनिटांसाठी आम्ही तीन माणसं वर्षभर हाडं खिळखिळी करून घेत होतो. मी हे कुणालाही सांगितलं की लोक हसायचे. मला नाही हसू यायचं.

बरं, कुणाला वाटेल की असा माणूस रस्त्यावर गाडी भन्नाट पळवत असेल, निदान ती तरी मजा. छे! हा माणूस उसाच्या ट्रॅक्टरलाही वाट देऊन मागं राहायचा. पाटी जेवढं म्हणेल तेवढाच वेग. चौफुल्याला वळताना मात्र गाडीत बोलणं बंद. वळण घेऊन झालं की आरशात न बघताच विचारायचे, "मॅडम, मागनं काय कळलं?"

सुरुवातीला मी खरं ते सांगत असे. कंबर कळली म्हणायची. त्यावर ते गंभीरपणे मान हलवून म्हणायचे, म्हंजी स्प्रिंग दबून परत येताना जोरात येतंय. संध्याकाळी कॉलेजच्या आवारात गाडीखाली वाकून काहीतरी फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी कंबरेबरोबर मानही कळायची. सकाळी टायर गार असताना स्वतःच्या मीटरनं हवा बघायची हा नेम. पुढच्या चाकांत वेगळी, मागच्यात वेगळी. दिवाळीची सुट्टी संपवून मी गाडीत बसले तर दार लावायच्या आत म्हणाले, "फराळ जोरात झाला वाटतं. मागची डावी बसली." हे मला! माझ्या नवऱ्याची असं बोलायची छाती नाही झाली कधी.

मग असल्या गाडीनं जायचं कशाला, असं कुणीही विचारेल. सांगते. शिरूरहून दौंडला सरळ एसटी वेळेवर मिळेल तर शपथ. चौफुल्याला उतरा, दुसरीची वाट बघा, ती भरून आली की लटकत जा, आणि पोचल्यावर प्राचार्यांचं तोंड बघा. भाऊसाहेब मात्र कधी एक मिनीट इकडं तिकडं झाले नाहीत. मला ताप असताना मी फोन करून येत नाही म्हणाले, तर वाटेवरून डॉक्टरकडं सोडून पुढं गेले. आणि सोडताना ग्रंथपाल बाईंना मधे सरकायला सांगितलं, कारण डावी बाजू रिकामी झाली होती. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, त्याचाच जास्त राग यायचा.

त्या गाडीत जगायची विद्या मला ग्रंथपाल बाईंनी दिली. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या अलीकडं त्यांनी माझ्या कोपराखाली हात घातला आणि हळूच म्हणाल्या, उठा. मला कळेना कुठं उठू. तेवढ्यात गतिरोधक आला आणि कळलं. त्या स्वतः खिडकीवरच्या दांडीला धरून सीटपासून दोन बोटं वर गेल्या होत्या, धक्का पायांवर घेतला, आणि परत बसल्या. बोलणं तोडलं नाही, मांडीवरची पिशवी हलू दिली नाही. मी आठवड्याभरात शिकले. पुढं बसणारे सर तर मोटारसायकलवाले, ते पायांवर भार देऊन असे काही अलगद उठायचे की शेजारी बसलेल्या भाऊसाहेबांनाही पत्ता लागायचा नाही. त्यांची नजर रस्त्यावर चिकटलेली. पुढं पुढं आम्हाला बघायचीही गरज राहिली नाही. शाळा, न्हावऱ्याचा बाजार, भीमेचा पूल उतरल्यावरचा खड्डा, सगळं अंगात बसलं होतं. पारगावच्या अलीकडं एका गुऱ्हाळासमोर गतिरोधक आहे. त्याचे पट्टे केव्हाच पुसले गेलेत, वरून झाडाची सावली पडते, नवखा माणूस हमखास आदळतो. आम्ही तिघं बोलत बोलत तिथं उठायचो आणि बसायचो.

आणि गंमत बघा. उठायला शिकल्यापासून आमची तक्रार बंद झाली. मागनं काय कळलं असं विचारलं की आम्ही म्हणायचो, ठीक आहे. दुसरं काय सांगणार? हा माणूस खूश व्हायचा, आपलं सेटिंग जमलं म्हणून, आणि नॉब आणखी जरा उजवीकडं फिरवायचा.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं. नॉब हातानं फिरतो ना? मग सोमवार ते शनिवार डावीकडं ठेवा आणि शर्यतीच्या दिवशी उजवीकडं करा. तुमचंही काम होईल, आमच्याही कंबरा वाचतील. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू कॉलेजात चोरी करायला सांगितलं. "दोन हजेरीपटं ठेवायला सांगता व्हय, मॅडम? एक साहेबाला दाखवायचं, एक खरं?" म्हणाले. मी म्हटलं, अहो, बाकीचे सगळे तेच करतात. तर म्हणाले, करत्यात ना, म्हणूनच.

हे वेड कुठनं आलं ते न्हावऱ्याच्या पुढं एकदा कळलं. रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला होता. भाऊसाहेबांनी गाडी बंदच केली. लोक मागं हॉर्न वाजवतायत आणि हा माणूस शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत हात जोडून बसल्यासारखा बसलेला. कळपामागून एक घोडी चालली होती, पाठीवर भांडी, वाकळा, वर बांधलेल्या कोंबड्या. ते म्हणाले, त्यांचे वडील असेच मेंढरांमागं हिंडायचे. सगळा संसार एका घोडीवर. आणि जत्रेत बैलगाड्यांपुढं घोडी पळवायची वेळ आली की पाठीवरचं ओझं उतरवून तीच घोडी पळवायची. लोक म्हणायचे, शर्यतीला निराळी घोडी ठेवा की. वडील म्हणायचे, ओझ्याला एक आन् मिरवायला एक, असलं आपल्यात न्हाई. भाऊसाहेबांनी एवढं सांगितलं आणि गाडी चालू केली.

त्यामुळं वरवंडच्या त्या शर्यतीत त्यांना दर वर्षी जो अन्याय व्हायचा तो त्यांना फार लागायचा. दुसरे यायचे, पहिले कधीच नाही. कारण पहिला यायचा तो एक गॉगलवाला गृहस्थ. त्याची रोजची गाडी ट्रकवर चढून यायची, हायवेच्या ढाब्यामागं उतरवली जायची आणि तिथून माळापर्यंत तेवढी आपल्या चाकांवर चालायची. मागच्या सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसायचं. तो स्वतः बायकोबरोबर दुसऱ्याच एका मोठ्या, मऊ गाडीतनं यायचा. भाऊसाहेब दर वर्षी परीक्षकांकडं जाऊन हे सांगायचे आणि दर वर्षी परीक्षक म्हणायचे, गाडी माळावर चालत आली ना, मग झालं. सोमवारी गाडीत आम्हाला हे ऐकायला मिळायचं. "नियमात बसवलं म्हंजी नियम पाळला असं न्हाई, मॅडम," एवढं एकच वाक्य चौफुल्यापर्यंत चार वेळा.

एका वर्षी आम्ही तिघांनी ठरवलं की ज्याच्यापायी आपण एवढं सोसलं ते एकदा बघून तरी यावं. रविवारी त्यांच्याच गाडीत बसून गेलो, आपापल्या जागांवर. माळावर धुळीचा नुसता लोट. आम्हाला दोरीच्या बाहेर उभं केलं आणि गाड्या सुटायला लागल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण भाऊसाहेबांची गाडी आली तेव्हा एवढं कळलं की बाकीच्या गाड्या वळणावर एका अंगाला झोपत होत्या, ही झोपत नव्हती. शंकूंच्या मधून ती सरळ उभी राहून वळत होती. रोज ट्रॅक्टरच्या मागं राहणारा तो माणूस आत बसलाय यावर माझा विश्वास बसेना. ग्रंथपाल बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. लाउडस्पीकरवर सांगितलं, रोजच्या गाड्यांत पहिला नंबर. आमचा. मी आमचा म्हणते, कारण त्या नंबरात माझे दोन मणके आहेत.

भाऊसाहेब गाडीतनं उतरले आणि काही न करता बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. आणि तेवढ्यात गॉगलवाल्यानं हरकत घेतली.

हरकत काय, तर म्हणे ही रोजची गाडी असूच शकत नाही. एवढ्या कडक गाडीतनं रोज कुणी प्रवास करेल का? ही निव्वळ शर्यतीची गाडी आहे, नंबरपाटी लावून आणलेली. हे कोण म्हणतंय, तर ज्याच्या सीटांवर प्लास्टिक आहे तो! दोन कार्यकर्ते आले, गाडीच्या मागच्या बाजूवर हात ठेवून जोर लावला. गाडी ढिम्म. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मुख्य परीक्षक म्हणजे एक वयस्क, शांत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनीही हात लावून पाहिला आणि भाऊसाहेबांना म्हणाले, रोजची आहे याला काही पुरावा?

भाऊसाहेब म्हणाले, स्प्रिंग किती कडक असावी ते नियमात लिहिलेलं न्हाई. परीक्षक म्हणाले, नाही लिहिलेलं, पण रोजच्या वापराची हवी हे लिहिलंय. आयुष्यभर ज्यानं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना नियम दाखवला, त्याला कुणीतरी नियम दाखवल्यावर तो मान खाली घालून उभा! हक्काचा पहिला नंबर डोळ्यांसमोर चाललाय आणि हा माणूस म्हणतो, बरोबर हाय त्यांचं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी दोरीखालनं वाकून आत गेले. कार्यकर्ता बाई बाई म्हणत मागं आला, त्याला म्हटलं, हो बाजूला.

"पुरावा पाहिजे ना? मी आहे पुरावा," मी परीक्षकांना म्हणाले. "या गाडीत बसून मी रोज शिरूरहून दौंडला जाते आणि परत येते. माझ्या कंबरेचा फोटो काढलाय डॉक्टरांनी, तो आणून दाखवते. यांची बायको या गाडीत बसत नाही, आम्ही बसतो. आणि तुम्ही आम्हाला सांगता की अशी गाडी रोजची नसते?"

आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण चहावालासुद्धा थांबला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, चला, मीच बसून बघतो. तुम्ही रोज बसता तसेच बसा, रोजच्या रस्त्यानं पारगावच्या पुढपर्यंत जाऊन परत येऊ.

परीक्षक आम्हा दोघींच्या मधे बसले. भाऊसाहेबांनी त्यांनाही वजन विचारलं. खरंच विचारलं! पहिला नंबर जायची वेळ आलीय आणि याला वजन हवंय. चौफुल्याला वळून आम्ही पारगावच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच गतिरोधकाला परीक्षक असे आदळले की चष्मा मांडीवर पडला. दुसऱ्याला त्यांच्या तोंडून आई गं निघालं. मधल्या जागेला दांडी नव्हती, त्याला आम्ही काय करणार? मी त्यांना सांगत होते की परीक्षा जवळ आल्यात, पोर्शन राहिलाय, आणि सर पुढनं म्हणत होते की निमोण्याला यंदा कांदा बरा आलाय. काहीतरी बोलत राहायचं म्हणून. मनात एकच चाललं होतं. हे परीक्षक आता उतरून म्हणणार की असल्या गाडीत रोज कुणी बसूच शकत नाही, संपलं.

पारगाव ओलांडून गुऱ्हाळाच्या पुढं गेलो आणि वळलो. परत येताना गुऱ्हाळाजवळ परीक्षक, जाताना आपण कुठं आदळलो ते शोधत, पुढं वाकून रस्ता निरखत होते. रस्ता सपाट दिसत होता. सावली पडलेली. सर कांद्यावर बोलतच होते, ग्रंथपाल बाई पर्समधनं रुमाल काढत होत्या. आम्ही तिघं उठलो, गाडी उसळली, आम्ही बसलो. परीक्षकांचं डोकं टपाला लागलं. डोकं चोळत त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं, मग सरांच्या पाठीकडं. उरलेल्या वाटेत ते रस्त्याकडं न बघता आमच्याकडंच बघत राहिले.

माळावर उतरल्यावर त्यांना आधी नीट उभं राहता येईना. मग त्यांनी लाउडस्पीकर हातात घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जो गतिरोधक दिसला नाही, त्याच्या आधी ही तिन्ही माणसं सीटवरनं उठली. गप्पा न थांबवता उठली. हे एका दिवसात येत नाही. गाडी रोजची आहे. हरकत फेटाळली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॉगलवाला त्याच्या मऊ गाडीत जाऊन बसला. ग्रंथपाल बाई रडायला लागल्या, सरांनी टोपी उडवली. मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. हातात चषक, आणि चेहरा असा की कुणीतरी थोबाडीत मारलीय.

परतीच्या वाटेला लागलो. ऊन कलत होतं. आम्ही आपले आनंदात. गुऱ्हाळाच्या अलीकडं त्यांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण मागं वळून आमच्याकडं पाहिलं.

"तुम्ही उठता?"

ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या की उठतो थोडं.

"म्हंजी मी इचारायचो मागनं काय कळलं, तवा तुम्ही हवेतनं सांगत होता व्हय? ठीक हाय, ठीक हाय, ते हवेतनं? आन् मी त्याच्यावर गाडी कडक करत गेलो?"

मला असा राग आला. वर आमच्यावरच! अहो, सुरुवातीला कंबर कळली म्हणत होते तेव्हा तुम्ही काय केलं, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, आता कुणी उठायचं न्हाई, बसून र्‍हावा. आणि गाडी सुरू करून तो गतिरोधक ओलांडला.

आम्ही बसून राहिलो. मी काही सांगत नाही काय झालं ते. टाळूपर्यंत कळ गेली. बाईंच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते मघाचं नव्हतं. सर दात आवळून बसले. भाऊसाहेबांनी आता आरसा आमच्याकडं वळवून घेतला होता आणि त्यात ते आमचे चेहरे बघत होते. या वेळी मागनं काय कळलं असं त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी गाडी आली. बसले. न्हावऱ्याच्या अलीकडं सवयीनं आम्ही उठलो आणि खाली धक्का आलाच नाही. गाडी हलकेच वर गेली आणि हलकेच खाली आली, आणि आम्ही तिथं वेड्यासारखे दांडीला लटकलेले. नॉब डावीकडं गेले होते. मागच्या स्प्रिंगा जुन्या, कंपनीच्या. भाऊसाहेब समोर बघत गाडी चालवत होते. मी म्हटलं, बरं झालं, देवा, आता शर्यतीच्या आधी तेवढं परत कडक करा. त्यांनी गिअर बदलला आणि मला वाटलं, पटलं असेल.

कसलं पटतंय! पुढच्या वर्षी वरवंडला आम्ही तिघं पुन्हा गेलो, तर हा माणूस तीच मऊ गाडी घेऊन माळावर उतरायला निघाला. मी दोरीपाशी गाठून म्हटलं, भाऊसाहेब, नॉब फिरवा. स्प्रिंगांचं राहू द्या, नॉब तरी. हातानं फिरतो, एक मिनीट लागतं. तो गॉगलवाला बघा तिकडं दात काढतोय.

त्यांनी हेल्मेट डोक्यावर घातलं. पट्टा लावता लावता म्हणाले, "गटाचं नाव काय हाय, मॅडम? रोजची गाडी. आमची रोजची गाडी आता अशी हाय."

आणि गेले. माझ्या डोळ्यांदेखत ती गाडी वळणावळणावर उसाच्या ट्रॉलीसारखी झोपत होती. शंकू पडत होते. शेवटून कितवा नंबर आला ते मी ऐकलंच नाही, मी पाठ फिरवून उभी राहिले होते. गॉगलवाल्यानं चषक घेतला. ट्रक ढाब्यामागं उभा होता, सगळ्यांना माहीत होता. कुणी हरकत घेतली नाही. इतक्या वर्षांत मी त्या माणसावर रोज चिडले, वजनावरून चिडले, कंबरेवरून चिडले, पण त्या दिवशी चिडले तशी कधीच नाही. कुणी सांगितलं होतं आमच्यासाठी हरायला? आम्ही मागितलं होतं? एवढा साधा नॉब, एक दिवसासाठी!

आता मी दौंडला जात नाही. भाऊसाहेबही निवृत्त झाले. शिरूरच्या बाजारात कधी भेटतात, माझ्याकडं वरून खाली बघतात आणि मनातल्या मनात आकडा धरतात, ते मला कळतं. गाडी तीच आहे. मंडळी आता तिच्यातनं माहेरी जातात.

हरलो त्या रविवारची परतीची वाट मला अजून आठवते. गुऱ्हाळ आलं. आता उठायचं काही कारण नव्हतं, गाडी पाळण्यासारखी झाली होती. तरी मी दांडी धरून उठले. शेजारी बघते तर ग्रंथपाल बाई उठलेल्या. पुढं सरही उठलेले, आणि या वेळी त्यांनी लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. गाडी हलकेच वर गेली, हलकेच खाली आली.

भाऊसाहेबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "बसा, मॅडम. आता लागत न्हाई."

मी बसले नाही. गुऱ्हाळ मागं पडलं, भीमेचा पूल आला, तरी मी तशीच दांडीला धरून अर्धवट उभी होते.